दावतीचा हक्क आणि शरीराचा हक्क

सूरह अल्-आराफच्या 31व्या आयतीत अल्लाहने खाण्यापिण्याची मुभा आणि मर्यादा ओलांडण्याची मनाई एकत्रच सांगितली आहे. इस्राफ म्हणजे केवळ अन्न वाया घालविणे नव्हे. गरज संपल्यावरही खात राहणे हादेखील इस्राफच होय. घरी ही मर्यादा पाळणारी पुष्कळ माणसे दावतीत मात्र ती विसरतात. म्हणून आजच्या धड्यात आपण दावतीतील जेवणाचा विचार करू.

मधुमेह किंवा रक्तदाब जडलेल्या माणसाला डॉक्टर पथ्य सांगतात. महिनाभर घरात ते नीट पाळले जाते. मग एखाद्या वलीम्याचे आमंत्रण येते. मेजबान स्वतः ताटापाशी येऊन बिर्याणी वाढतो, वर जर्दा किंवा शाही तुकडे ठेवतो आणि ‘आमच्या घरी येऊन एवढेच?’ असे विचारतो. पाहुणा भिडेपोटी खातो आणि पुढचे दोन दिवस त्रास सोसतो. दुसरा एखादा हा प्रसंगच नको म्हणून दावतीला जाण्याचे सोडून देतो. पहिला आपल्या शरीराचा हक्क बुडवितो, तर दुसरा आप्तांचा.

हे दोन्ही हक्क एकाच हदीसमध्ये आले आहेत. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना समजावले की, तुमच्या शरीराचा तुमच्यावर हक्क आहे आणि तुमच्या भेटीस येणाऱ्याचाही आहे. इबादतीच्या अतिरेकानेही जर शरीराचा हक्क बुडविता येत नाही, तर भिडेखातर तो कसा बुडविता येईल?

मग दावतीत करावे काय? सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस याचे सरळ उत्तर देते. जेवणाचे आमंत्रण आल्यास ते स्वीकारावे, मग इच्छा असल्यास खावे, नसल्यास खाऊ नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. जाणे ही एक गोष्ट आणि खाणे ही दुसरी. मेजबानाचा मान आपल्या उपस्थितीने, दुआने आणि हसतमुख बोलण्याने राखला जातो. किती पळ्या भात खाल्ला, यावर तो अवलंबून नाही.

प्रेषितांचे (स.) स्वतःचे आचरणही पाहावे. त्यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत; आवडले तर खात, नाही तर सोडून देत. एकदा एका शिंप्याने त्यांना जेवावयास बोलाविले. जवाची भाकरी आणि दुधी भोपळा व सुक्या मांसाचा रस्सा असा बेत होता. हजरत अनस (रजि.) यांनी पाहिले की, प्रेषित (स.) त्या रश्शातील दुधीच्या फोडी शोधून घेत आहेत. तेव्हा समोर आलेल्या पदार्थांतून आपल्याला रुचणारे किंवा मानवणारे निवडून घेण्यात अनादर नाही. दालच्यातील दुधी अधिक घेतला आणि मांस कमी घेतले, म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

प्रमाणाविषयी तिरमिजीतील हदीस प्रसिद्ध आहे. पाठ ताठ राहील एवढे घास माणसाला पुरेत. त्याहून अधिक खायचेच झाल्यास पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा.

ही शिकवण अमलात आणणे अवघड नाही. लग्नघरी जेवणाला अनेकदा उशीर होतो आणि फार भुकेला माणूस मोजून खाऊ शकत नाही. म्हणून घरून थोडे खाऊन निघावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर फार वेळ उपाशी राहूच नये, कारण साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. सर्व पदार्थ पाहून घ्यावेत आणि मगच थोडे वाढून घ्यावे. सरबताऐवजी पाणी मागावे. एकाच मोठ्या ताटात चौघे बसले असतील, तर सावकाश लहान घास घ्यावेत. सोबत्यांना संकोच होत नाही आणि आपले घास कोणी मोजतही नाही. हॉटेलात गेल्यास मागविण्यापूर्वीच ठरवावे. दोघांचे अन्न तिघांना पुरते, हेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे.

मेजबानाने आग्रह केल्यास खोटी सबब सांगू नये. ‘जेवण उत्तम आहे, पण मला पथ्य आहे, आपण माझ्यासाठी दुआ करा,’ एवढे खरे आणि गोड उत्तर पुरेसे आहे.

मेजबानांचीही जबाबदारी आहे. पाहुण्याने एकदा ‘पुरे’ म्हटल्यावर त्याच्या ताटात आणखी वाढणे ही खातिरदारी नव्हे. ते अन्न एक तर त्याच्या शरीराला अपाय करते किंवा ताटात वाया जाते. दस्तरखानावर एखादी साधी भाजी, कोशिंबीर आणि बिनसाखरेचे पेय ठेवले, तर घरातील आजारी वडीलधारेही सर्वांबरोबर निर्धास्तपणे जेवू शकतील.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या नेमतींची कदर करण्याची, नाती जोडून ठेवण्याची आणि त्याने सोपविलेल्या या शरीराची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.