निरोप पोचला, पण बोलणे झाले काय?



नोंद, पाळी, तोडणी, वाहतूक आणि वजन या पाच गोष्टींवर आपला हंगाम चालतो. या प्रत्येक ठिकाणी ऊस हलण्याआधी निरोप हलावा लागतो. पूर्वी हा निरोप सायकलवरून येई. चिटबॉय चिट्ठी घेऊन वस्तीवर यायचा, बांधावर चार गोष्टी बोलायचा, चहा घेऊन पुढे जायचा. आता ते काम मोबाईल आणि संगणक करतात. त्यात काय साधले आणि कुठे चुकते, हे आज पाहू.

वारणेचा अनुभव

साखर कारखान्याच्या कामात संगणक आणण्याचा गाजलेला प्रयोग वारणेचा. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ही योजना निघाली. गावातल्या केंद्रावर संगणक बसवून ऊसनोंद, तोडणी, वजन, खते यांची माहिती सभासदाला तिथेच मिळावी, हा हेतू होता. पुढे २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले, आणि ते कमी खर्चात झाले. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की साधन किती भारी आहे यापेक्षा ते सभासदाच्या हाताशी आहे का, हे महत्त्वाचे.

फायदा कोणता?

पहिला फायदा वजनाचा. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन काट्यावरून लगेच कळले, तर बिलाच्या वेळी वाद उरत नाही. दुसरा फायदा वेळेचा. मिल अचानक बंद पडली तर तोडणी थांबवण्याचा निरोप काही मिनिटांत जातो. पूर्वी तो पोचेपर्यंत फडात ऊस तोडून पडलेला असे. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जाईल, तितके वजन घटते आणि साखर उताराही उतरतो. म्हणजे लवकर पोचलेला निरोप हा सभासदाचा आणि कारखान्याचा, दोघांचाही पैसा वाचवतो.

कुठे फसते?

दोन हंगामांमागचा आमच्या विभागातला एक प्रकार सांगतो. चूक आमच्याकडचीच होती, म्हणून नाव न घेता सांगतो. एका सभासदाची आडसाली लागण १० जुलैची. कागदावर १०/७ लिहिले होते. संगणकात भरताना दिवस आणि महिना उलटे पडले आणि नोंद झाली ७ ऑक्टोबरची. आडसाली ऊस पूर्वहंगामी ठरला आणि पाळी जवळजवळ तीन महिने मागे गेली.

ते सभासद गट कार्यालयात तीनदा आले. तिन्ही वेळा त्यांना एकच उत्तर मिळाले, “मशीनवर तुमची तारीखच आली नाही.” उत्तर देणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. पण फडावर जाऊन ऊस बघावा, असे कुणाच्या मनात आले नाही, आमच्याही नाही. चौथ्या खेपेला एका जुन्या शेती मदतनीसाने कागदी नोंदवही काढली, तेव्हा घोटाळा कळला. तोवर उसाला तुरे आले होते, कांड्या पोकळ पडू लागल्या होत्या. तोड ताबडतोब दिली, पण गेलेले वजन परत आले नाही. त्यांचे एक वाक्य आम्हाला अजून टोचते, “साहेब, पूर्वी माणूस चुकायचा तर त्याच्याशी भांडता तरी यायचं.”

दुसरा प्रकार नंबरचा. एका माउलीच्या नोंदीला मुलाचा मोबाईल लावलेला आणि मुलगा पुण्याला नोकरीस. तोडणीचा संदेश पुण्यात पोचला, घरी नाही. इकडे उसाला पाणी चालूच. टोळी आली, पण ओल्या रानात ट्रॅक्टर रुतला. टोळी दुसऱ्या फडात गेली आणि त्यांची तोड लांबली.

तिसरा प्रकार ग्रुपचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सूचना टाकली की आम्हा नोकरवर्गाला वाटते, काम झाले. पण तोडणी मुकादम त्या ग्रुपमध्ये असतोच असे नाही. असला तरी शुभेच्छांच्या गर्दीत सूचना वर निघून जाते. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे वाचणाऱ्याला समजले, असे धरून चालू नये.

काय करावे?

सभासदांनी—
१. नोंदीची पावती घ्यावी. लागण तारीख, जात, क्षेत्र व गट नंबर वाचून पाहावा. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहावा, ‘१० जुलै’ असा.
२. नोंदीला शेतावर असणाऱ्या माणसाचा नंबर द्यावा. नंबर बदलला तर गट कार्यालयास कळवावे.
३. तोडणीपूर्वी साधारण पंधरा दिवस पाणी बंद करावे. त्यासाठी पाळी केव्हा येईल, हे संदेशाची वाट न पाहता आधीच विचारावे.
४. वजनाचा संदेश पुसू नये. काट्याच्या पावतीशी ताडून पाहावा.
५. बिल जमा करायचे म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नये. बिलासाठी ओटीपी लागत नाही.

आम्ही नोकरवर्गाने—
१. तोडणी थांबवण्याची सूचना मुकादमाला फोन करूनच द्यायची आणि त्याच्या तोंडून ती परत वदवून घ्यायची.
२. सभासद एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आला तर यंत्राकडे न पाहता फडावर जायचे.
३. कागदी नोंदवही बंद करायची नाही.

संगणक नको, असे आमचे म्हणणे नाही. हजारो नोंदी पाळीप्रमाणे लावण्याचे काम हाताने आता होणार नाही. पण त्याला उसाचा तुरा दिसत नाही. तो सभासदाला दिसतो आणि आम्ही बांधावर आलो तर आम्हालाही दिसतो.

तरी सर्व सभासदांनी आपली नोंद एकदा वाचून घ्यावी आणि चूक आढळल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वी गट कार्यालयात येऊन दुरुस्त करून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी