हुरड्याला कधी जायचे?

मुलांनो, डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणार असाल, तर लग्ने, खरेदी आणि नातेवाइकांच्या भेटी यांनी आईबाबांची वही आधीच भरली असेल. (आम्हा इंजिनिअर मंडळींना तर रिकामा रकाना बघवत नाही!) त्यातले दोन दिवस शेतावर राहायला मागून घ्या.

उन्हाळी सुट्टीत गेलात तर तिकडे पावसाळा. शिवार, म्हणजे गावची शेतजमीन, हिरवेगार दिसेल, पण हुरडा मिळणार नाही. हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. कणसातला दाणा आधी दुधाळ असतो, मग जरा भरतो पण हिरवाच राहतो. तेवढे थोडे दिवस हुरड्याचे. पुढे दाणा टणक झाला की भाकरीच करायची! म्हणून विमानाचे तिकीट आपल्या सोयीने काढा, पण शेतावरचा दिवस शेतकऱ्याला ठरवू द्या.

गावी शेत नसले तरी अडत नाही. पांडुरंग तावरे यांनी २००५ साली बारामती भागात कृषी पर्यटन सुरू केले. आज अनेक शेतकरी पाहुणे ठेवतात. २०२० मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणही आणले.

तिथे कणसे आगटीत, म्हणजे गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्यात भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढतात.

अभ्यास : आजी-आजोबांना फोन करून विचारा, ते हुरडा कशाबरोबर खात? गूळ, दही की लसणाची चटणी? पाच ओळी लिहून आणा.