कापडी पिशवी आणि एकल मातांचा रोजगार

2011 च्या जनगणनेनुसार देशात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व अविवाहित अशा एकल स्त्रियांची संख्या 7 कोटींहून अधिक होती. त्यांपैकी ज्यांच्यावर मुलांच्या संगोपनाची जबाबदारी आहे, त्यांना घराजवळ आणि सोयीच्या वेळी करता येईल असे काम हवे असते. शिवणकाम ही गरज भागवू शकते. मात्र शिवण शिकणे आणि शिवणातून उदरनिर्वाह होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मागणीची पार्श्वभूमी

प्लॅस्टिकच्या पिशवीची किमान जाडी केंद्र शासनाने 30 सप्टेंबर 2021 पासून 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन केली. तामिळनाडूने डिसेंबर 2021 मध्ये 'मीण्डुम मंजप्पै', म्हणजे 'पुन्हा पिवळी पिशवी', ही मोहीम सुरू केली. लग्नसमारंभात पाहुण्यांना पिवळ्या कापडी पिशवीतून तांबूल देण्याची तेथील जुनी रीत या मोहिमेला उपयोगी पडली. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपयांत कापडी पिशवी देणारे यंत्रही बसविण्यात आले. मागणी निर्माण होऊ शकते, हे यावरून दिसते. परंतु दहा रुपयांच्या पिशवीत शिवणारीची मजुरी किती, हा प्रश्न उरतोच.

प्रशिक्षणात काय असावे?

पिशवी हा नवशिक्या स्त्रीसाठी उत्तम धडा आहे. तीत सरळ शिवण अधिक आणि वळणे कमी असतात. 36 इंची पन्ह्याचे, आधी भिजवून वाळवलेले एक मीटर मांजरपाट घेतल्यास 15 इंच रुंदीचे दोन तुकडे व बंदांसाठी चार इंची दोन पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीचे मधोमध दोन भाग केले की दोन पिशव्यांचे चारही बंद मिळतात आणि कापड फारसे वाया जात नाही. बंद जोडताना चौकोनी टीप व तीत फुलीची टीप घालावी, कारण पिशवी बहुधा तेथेच उसवते. टिकाऊपणाला पर्यावरणाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2011 च्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानावरील भार कमी ठरण्यासाठी सुती पिशवी किमान 131 वेळा वापरावी लागते.

हिशेबाचा धडा

समजा, एका पिशवीस कापड, दोरा व वाहतूक मिळून 25 रुपये खर्च आला आणि ती 40 रुपयांस विकली गेली. दिवसाला 20 पिशव्या शिवून सर्व विकल्यास 300 रुपये उरतात. मात्र निम्म्याच विकल्या गेल्या, तर 500 रुपये खर्चून हाती 400 रुपये येतात. उरलेला माल घरात पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशीचे कापड घेण्यास पैसे नसतात. एकाच मिळकतीवर चालणाऱ्या घराला हा फरक सोसत नाही. म्हणून आगाऊ मागणी नोंदवून मगच कापड कापण्याची सवय प्रशिक्षणातच लावली पाहिजे.

पुढील दिशा

2023 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपी व्यवसायाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात पाच टक्के व्याजाने एक लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. परंतु यंत्र मिळाले म्हणजे बाजारपेठ मिळाली असे नव्हे. बचत गटांनी कापडाची घाऊक खरेदी करणे, शाळा, सहकारी भांडारे व देवस्थाने यांच्याकडून वर्षभराची मागणी मिळविणे आणि प्रशिक्षण केंद्राशेजारी पाळणाघर चालविणे, या तीन गोष्टींची जोड त्यास आवश्यक आहे. पाळणाघर नसेल, तर लहान मूल असलेली माता प्रशिक्षण अर्ध्यावर सोडण्याचा संभव असतो. त्यामुळे किती स्त्रियांना प्रमाणपत्र मिळाले यापेक्षा, वर्षभरानंतर किती जणींचे यंत्र चालू आहे, हाच अशा उपक्रमाच्या यशाचा खरा निकष ठरावा.