एक दात पडला, तरी ‘ग्रीव्हसली’?

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत झालेल्या मारामारीची बातमी इंग्रजी पेपरात आली. त्यात एक जण ‘ग्रीव्हसली हर्ट’ झाल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात त्याचा पुढचा एक दात पडला होता आणि तिसऱ्या दिवशी तो बाजारात हिंडत होता. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ ‘अतिशय गंभीरपणे’ असा आहे. मग पेपरवाल्यांनी मीठमसाला लावला, असं समजायचं का?

उत्तर : यात मीठमसाला नाही. बातमीदारानं तो शब्द बहुधा पोलिसांच्या कागदावरून उचलला असणार, आणि त्या कागदावर तो चोख होता.

1860 च्या भारतीय दंड संहितेनं कलम 320 मध्ये ‘ग्रीव्हस हर्ट’ कशाला म्हणायचं याची आठ प्रकारांची यादीच दिली होती. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एका कानानं ऐकू येईनासं होणं, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, अशी ती भयंकर यादी. आणि तिच्यातच, हाड मोडण्याच्या शेजारी, दात मोडणं किंवा निखळणंही बसलेलं. शेवटच्या प्रकारात जिवावर बेतणारी इजा येत होती, तसंच वीस दिवस असह्य वेदना देणारी किंवा रोजचे व्यवहार बंद पाडणारी इजाही येत होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही यादी कलम 116 मध्ये गेली. वीसचे पंधरा दिवस झाले. दात मात्र जागचा हलला नाही.

म्हणून मारामारीनंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या दाखल्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. तिथे ‘सिंपल’ लिहिलंय की ‘ग्रीव्हस’, यावर पुढचं कलम ठरतं. हत्यार वगैरे भानगड नसेल तर साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, दुसरीला सात वर्षांपर्यंत.

मराठीत या दुसरीला कायद्याच्या भाषेत ‘जबर दुखापत’ म्हणतात. बातमीत तिचं ‘गंभीर जखमी’ झालं, की वाचकाला अतिदक्षता विभाग दिसू लागतो आणि तुमच्यासारखा प्रश्न पडतो. माझं मत विचाराल तर बातमीतही ‘जबर’च लिहावं. एवढंच, की आपला ‘जबर’ कौतुकालाही चालतो. एखादा फलंदाज जबर खेळला असं आपण खुशाल म्हणतो; ‘ग्रीव्हसली’ला कौतुकाचं वावडं आहे.

त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘ग्रॅव्हिस’ म्हणजे ‘जड’ या शब्दात. संस्कृतातला ‘गुरु’ त्याचाच दूरचा भाऊबंद. त्यामुळे हे क्रियाविशेषण शरीरापुरतं अडून राहत नाही. कुणावर घोर अन्याय झाला तर ‘ग्रीव्हसली रॉंग्ड’, कुणाचा भलताच गैरसमज झाला तर ‘ग्रीव्हसली मिस्टेकन’. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनीच्या त्या प्रसिद्ध भाषणातही हा शब्द भेटतो. आजच्या इंग्रजी गप्पांत मात्र तो जुनाट वाटेल. लेकाला ताप भरला म्हणून शाळेला चिठ्ठी लिहिताना तो वापरू नका, तिथे ‘सीरियसली’सुद्धा जास्तच होईल.

जाता जाता ‘फेटली’बद्दलही सांगतो, कारण गोंधळ तिथेही फार होतो. ‘फेटली इन्जर्ड’ म्हणजे त्या जखमेनं माणूस दगावला. असा माणूस उपचार घेऊन घरी परतल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. त्या चमत्कारांचं श्रेय डॉक्टरांना देऊ नये.

उच्चार ‘ग्री-व्हस-ली’ असा तीन तुकड्यांचा. वकिलांच्या तोंडीही ‘ग्रीव्हियसली’ ऐकू येतं, पण ‘व्ह’नंतरचा तो ‘इ’ स्पेलिंगमध्ये नाही.