मोटारीचा पडदा आणि खिशातला फोन

प्रश्न : केबलने जोडल्यावर फोन मोटारीत चार्ज होतो, पण अँड्रॉइड ऑटो पडद्यावर येत नाही. दोष कोणाचा?

उत्तर : बहुधा केबलचा. बाजारात मिळणाऱ्या कित्येक केबलींत केवळ विद्युत्प्रवाह नेणाऱ्या तारा असतात, आणि ज्यांवरून माहितीची देवाणघेवाण व्हावयाची त्या तारांचा अभाव असल्यामुळे, फोन चार्ज होत असूनही मोटारीला त्याची दखल घेता येत नाही. माहिती वाहणारी आखूड केबल आणावी. अनेक गाड्यांत एकाच यूएसबी पोर्टला ही व्यवस्था असते, तेव्हा गाडीची पुस्तिकाही पाहावी.

2014 मध्ये ॲपलची कारप्ले आणि 2015 मध्ये गूगलची ही प्रणाली आली, तेव्हापासून दोहोंचे तत्त्व एकच आहे : नकाशा, गाणी, संदेश हा सारा कारभार फोनच्याच अखत्यारीत चालतो आणि पडदा केवळ चित्र दाखवून बोटांचे स्पर्श परत कळवतो. म्हणून केबल बदलूनही गुण आला नाही, तर इलाज प्रथम फोनवरच करावा. ॲप अद्ययावत करावे, दोन्हीकडील जुन्या जोडणीची नोंद काढून टाकावी आणि नव्याने जोडताना फोन मागेल त्या परवानग्या द्याव्यात.

बिनतारी जोडणीत ब्लूटूथ केवळ ओळख पटवते, पुढचा भार वाय-फाय वाहते. दोन्ही चालू हवीत, आणि गाडीतही ती सोय हवी.

एवढे करूनही पडदा कोराच राहिला, तर दुसऱ्याचा फोन जोडून पाहावा. तो चालल्यास गाडीचा पडदा बदलण्याचा खर्च मुळीच मंजूर करू नये.