दुखण्याची गोळी आणि रोजची गोळी



मुठा उजव्या कालव्याचे आवर्तन सुटले की लोणी काळभोर परिसरात रात्र रात्र दारे धरावी लागतात. सकाळी कंबर धरते. मग दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची, चहाबरोबर घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचे, असे घरोघर चालते. एखाद्या वेळी निभावून जाते. पण ज्यांना रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या रोज चालू आहेत, त्यांनी पुढील माहिती नीट वाचावी.

मूत्रपिंडाचे काम आपल्या चारीसारखे आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडात रक्त येण्याचे दार खाली ओढतात. एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेर जाण्याचे दार सैल करतात. लघवी जास्त होण्याची गोळी अंगातले पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आल्या, वर ऊन आणि घाम, की आत दाब राहत नाही व रक्त गाळले जात नाही. यात दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. लघवी कमी झाली, पायावर सूज आली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा व एल साल्वादोर येथे ऊसतोडीच्या तरुण मजुरांत मूत्रपिंडाचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. मुख्य संशय उन्हातल्या कष्टावर व अंगातले पाणी आटण्यावर आहे. वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालत असाव्यात, असे तज्ज्ञांना वाटते. ऊस आपलाही आहे आणि ऊनही.

ध्यानात ठेवा :

१. रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन चालू असेल, तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचास डांबरासारखे काळे झाले तर लगेच दवाखाना गाठा. हृदयासाठी दिलेली गोळी मात्र न विचारता बंद करू नका.

२. अशांना पॅरासिटामॉल सहसा बरी. धडधाकट मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसाकाठी ८ च्या वर कदापि नकोत. एका वेळी २ पेक्षा जास्त नकोत आणि मध्ये ४ ते ६ तास जाऊ द्यावेत. यकृताचा आजार असेल, रोज दारू होत असेल, किंवा वॉर्फरिन चालू असेल, तर विचारूनच घ्या.

३. तणनाशकाच्या डब्यांवर नावे निरनिराळी, आतले औषध एकच, तसे गोळ्यांचेही आहे. सर्दीच्या व अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. नावावर जाऊ नका, घटक वाचा. नाहीतर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

४. डेंगीच्या साथीत तापावर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका.

५. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. दुकानदार देतो, म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

कर्जाच्या कामाला जाताना आपण सातबारा बरोबर नेतो. तशी दवाखान्यात व औषधाच्या दुकानात जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या आणि आधी ती दाखवा.