आयकराचा ऑनलाइन भरणा : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म



औषधाची मात्रा आणि काल यांबाबत अत्यंत दक्ष असणारे आपण वैद्य, आयकराचा विषय निघाला की तो करसल्लागारांवर सोपवून मोकळे होतो. हिशेब त्यांनी करावा हे योग्यच. परंतु चलनात वर्ष वा प्रकार चुकल्यास मागणीची नोटीस आपल्याच नावे येते. म्हणून कर भरण्याची रीत आपण स्वतः जाणून घेणे आवश्यक आहे. शोधनकर्माप्रमाणेच तिचे तीन टप्पे पडतात.

पूर्वकर्म

प्रथम कराची मात्रा ठरवावी. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४ एडीए अन्वये, वैद्यकीय व्यवसायाची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असल्यास (रोखीचा वाटा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) तिचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखविण्याची सवलत होती. उदाहरणार्थ, २०२५-२६ या आर्थिक वर्षात एखाद्या वैद्याची रुग्णशुल्काची जमा ३० लाख रुपये असल्यास उत्पन्न १५ लाख धरले जाते. इतर उत्पन्न नसल्यास नव्या करप्रणालीनुसार त्यावर १,०५,००० रुपये कर व ४ टक्के उपकर मिळून १,०९,२०० रुपये होतात. रुग्णालयाने सल्लाशुल्कातून ४०,००० रुपये करकपात केली असल्यास उर्वरित ६९,२०० रुपये वैद्याने स्वतः भरावयाचे असतात.

त्यानंतर काल. करकपात वजा जाता देय कर १०,००० रुपये वा अधिक असल्यास आगाऊ कर लागू होतो. १५ जूनपर्यंत १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के असा त्याचा क्रम आहे. वरील सवलत घेणाऱ्यांना मात्र संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. आगाऊ भरणा ९० टक्क्यांहून कमी झाल्यास १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज चढते.

तिसरी गोष्ट वर्षाची, आणि येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुना कायदा लागू असून त्याचे असेसमेंट इयर २०२६-२७ होय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होतो व त्याचे टॅक्स इयरही २०२६-२७ च आहे. अंक तेच, उत्पन्न मात्र निराळे! लक्षणसाम्य असले तरी व्याधी भिन्न असावी, तसाच हा प्रकार. म्हणून चलन करताना केवळ आकडा न पाहता कोणत्या काळातील उत्पन्नाचा कर आहे ते प्रथम निश्चित करावे.

प्रधानकर्म

आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर 'ई-पे टॅक्स' ही सुविधा आहे. तेथे प्रवेश करून, अथवा प्रवेश न करताही पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी यांच्या आधारे, चलन तयार करता येते. चालू वर्षाचा आगाऊ कर असल्यास १०० आणि विवरणपत्रापूर्वी भरावयाचा स्वयंनिर्धारण कर असल्यास ३०० हा प्रकार निवडावा.

भरण्याचे मार्ग अनेक आहेत. अधिकृत बँकेत खाते असल्यास नेट बँकिंग वा डेबिट कार्ड सोयीचे. पेमेंट गेटवेमधून यूपीआय व क्रेडिट कार्डही चालते, मात्र कार्डावर अधिभार लागू शकतो. तो आधी पाहावा. अन्य बँकेत खाते असणाऱ्यांनी एनईएफटी-आरटीजीएसचा पर्याय निवडून तयार होणारा अर्ज आपल्या बँकेत द्यावा. ज्यांना संगणकावर पैसे पाठविणे नको वाटते, त्यांनी चलन तेथे तयार करून अधिकृत बँकेच्या खिडकीवर भरणा करावा. तयार चलन साधारणतः १५ दिवसच ग्राह्य असते.

ईमेल वा संदेशातून आलेल्या दुव्यावरून कर कधीही भरू नये. परतावा देण्यासाठी पिन वा ओटीपी मागणारा संदेश फसवणुकीचाच समजावा.

पश्चात्कर्म

संसर्जन क्रमावाचून शोधन पूर्ण होत नाही, तद्वत पैसे गेले म्हणजे काम संपले असे नाही. चलनाची पावती जतन करावी. तिच्यावरील बँकेचा सात अंकी बीएसआर कोड, दिनांक व चलन क्रमांक विवरणपत्रात लिहावे लागतात. काही दिवसांनी आपल्या वार्षिक करविवरणात ती रक्कम जमा दिसते का, ते पाहावे. वर्ष चुकले असल्यास ७ दिवसांत आणि कराचा प्रकार चुकला असल्यास ३० दिवसांत संकेतस्थळावरच दुरुस्तीची विनंती करता येते; म्हणून ही तपासणी त्याच आठवड्यात करणे हितकर. शेवटी, विवरणपत्र पाठविल्यापासून ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने त्याची पडताळणी करावी. अन्यथा विलंबाचे परिणाम भोगावे लागतात.

करसल्लागारांचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु पासवर्ड, पावती आणि तारखा आपल्या हाती असाव्यात. रुग्णाला पथ्य सांगणाऱ्याने एवढे पथ्य स्वतःही पाळावे, ही नम्र विनंती.

इत्यलम्.